थंडीत काँक्रीट का फुटतं आणि ते टिकेल की नाही हे आधी कसं कळतं?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटमधली बारीक छिद्रं पाण्याने जवळपास भरलेली असली, की त्या फुगण्याला जागा उरत नाही आणि आतून दाब येतो. एका रात्रीत काही होत नाही; गोठणं-वितळणं पुन्हापुन्हा झालं की चिरा वाढत जातात. कोरडं काँक्रीट मात्र कितीही थंडी पडली तरी सहसा तग धरतं. खरा शत्रू ओल आहे, आणि बर्फ वितळवायला मीठ टाकलं तर पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात ते वेगळंच.

चाचणीसाठी एएसटीएम सी ६६६ ही अमेरिकी प्रमाणित पद्धत बरीच वापरली जाते. नमुना ४ अंशांवरून उणे १८ अंश सेल्सिअसवर नेऊन परत आणायचा, अशी साधारण ३०० आवर्तनं. मधूनमधून नमुना कंपित करून त्याची वारंवारता मोजतात. आत चिरा पडल्या की ती घटते, डोळ्यांना काही दिसायच्या आधीच. त्यावरून काढलेला सापेक्ष गतिक मापांक, म्हणजे सुरुवातीच्या तुलनेत उरलेला ताठरपणा, ६० टक्क्यांवर घसरला की चाचणी तिथेच थांबवतात. ही चाचणी प्रत्यक्षापेक्षा कठोर आहे, त्यामुळे तिच्यावरून 'इतकी वर्षं टिकेल' असं सांगू नये. दोन मिश्रणांची तुलना करायला मात्र उत्तम.

उपाय म्हणजे मिश्रणातच हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडणारं रसायन घालणं, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळते. एकूण हवेपेक्षा बुडबुड्यांमधलं अंतर महत्त्वाचं, ते ०.२ मिलिमीटरच्या आत हवं. हवेमुळे ताकद थोडी घटते. पण नुसती ताकद बघून थंड प्रदेशासाठी काँक्रीट निवडू नका.