आधी शेत, मग ताट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कृषी-पर्यटन केंद्राचा आराखडा नीट वाचला. खोल्या, तंबू, पायवाटा, पक्षीनिरीक्षणाची जागा, सगळं तपशिलात आहे. जेवणाला मात्र शेवटी एकच ओळ: ‘पाहुण्यांच्या आवडीनुसार भोजन’. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्याच ओळीची.

पाहुण्यांच्या आवडीनुसार म्हटलं की माल बाहेरच्या बाजारातून येतो. मग पाहुण्याने दिलेला पैसाही तिकडेच जातो आणि जे शेत-रान बघायला तो आला, ते राखणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. उतारावरचं पीक कुणीतरी रास्त भावाने विकत घेऊन खाल्लं, तरच तो उतार पुढच्या वर्षी कसलेला दिसेल.

इटलीतलं चिंक्वे तेर्रे बघ. समुद्राकाठच्या उभ्या चढांवर नुसते दगड रचून घातलेल्या ताली, म्हणजे माती धरून ठेवणाऱ्या बांधाच्या भिंती, त्यांवर द्राक्षमळे. १९९७ साली ते जागतिक वारसा यादीत आलं. पर्यटकांची रीघ लागली, पण मळे कसणारे हात काही त्या मानाने वाढले नाहीत. मळा ओस पडला की तालीची डागडुजी थांबते, पाणी आत मुरतं, भिंत फुगते आणि ढासळते. ऑक्टोबर २०११च्या अतिवृष्टीत व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांत दगड-चिखलाचे लोंढे घुसले, तेव्हा पडीक तालींचा प्रश्न सगळ्यांनाच दिसला. फिलिपिन्समध्ये इफुगाओची भातखाचरं १९९५ला त्याच यादीत आली आणि २००१ला धोक्यातल्या वारशात गेली. तिथून बाहेर यायला २०१२ उजाडलं. नुसते फोटो काढणारे येऊन खाचरं टिकत नाहीत. तिथे भात लावणारं माणूस लागतं.

इटलीनेच १९८५च्या कृषी-पर्यटन कायद्यात एक चांगली अट घातली: शेती हा मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार त्याला जोडून. कायदा कुठलाही असो, ही अट तू स्वतःवर घालून घे. पेरू देशात पिसाक गावाजवळच्या बटाटा उद्यानात केचुआ हा तिथला आदिवासी समाज बटाट्याचे शेकडो पारंपरिक वाण शेतातच जपतो. पाहुणे ते वाण बघतात आणि जेवणात खातात. पर्यटनाच्या उत्पन्नातला काही भाग सामायिक निधीत जातो. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण वाण जपण्याचं काम त्यात फुकटचं धरलेलं नाही.

आता तुझ्या कामाचं. आधी बारा महिन्यांचा तक्ता कर. गावातल्या जाणत्या बायकांना विचार: कोणत्या महिन्यात शेतात काय निघतं, रानात काय उगवतं, काय वाळवून ठेवतात, काय खायचं टाळतात आणि का. जेवणाची यादी त्या तक्त्यातून निघू दे. हे ज्ञान त्यांचं आहे, तेव्हा स्वयंपाकाची मजुरी वेगळी आणि या माहितीचा, वाटेवर सोबत करण्याचा मोबदला वेगळा धर. ‘घरच्याच बायका करतील’ असं कुठल्याच हिशेबात लिहू नकोस.

रानातल्या जिनसांबाबत फार जपून. पान खुडलं तर पुन्हा फुटतं, कंद उपटला तर बहुतेकदा ते झाडच जातं. फळं घेतली तर पक्ष्यांसाठी आणि बियांसाठी मागे ठेवावी लागतात. घरापुरतं देणारं रान पाहुण्यांच्या पंगतीला पुरेलच असं नाही. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर तर कोवळंही ओरबाडलं जातं. जे परसात किंवा बांधावर लावता येईल ते लाव. उरलेलं हंगामात, चवीपुरतं वाढ आणि नसेल तेव्हा ‘आज नाही’ असं सांग. समजावून सांगितलं तर पाहुणे ऐकतात. अळंबी मात्र पक्की पारख असलेल्या माणसाने निवडल्याशिवाय चुलीवर चढता कामा नये. शिकारीचं मांस कुणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही.

खरकटं आणि सांडपाणी ओढ्यात जाणार नाही, याची सोय बांधकामातच धर. नंतर होत नाही.

तंबूंची ऑर्डर देण्याआधी तो तक्ता मला पाठव. त्यातले जे महिने रिकामे राहतील, तेव्हा पाहुणे घ्यायचे की नाही, यावर आपण बसून बोलू.

तुझा स्नेही