आधी गाडीच्या खाली बघ

इंजिन सुरू झालं म्हणून लगेच खूश होऊ नकोस. देवगड-मालवणकडची जुनी पिकअप आधी खालून बघायची. तिने मासे वाहिले असतील तर बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, गळलेलं असतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस, घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लाव. मग हातोडीने चासी ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर आतून पोखरलंय. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, चासीला जिथे धरतात ती जागा कुजली असेल तर रंगाआधी वेल्डर गाठ, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव.

गंजावर तसाच रंग फासू नकोस. माझ्या पहिल्या गाडीला मी तेच केलं, दोन पावसाळ्यांत पापुद्रे हातात आले. वायर ब्रशने घासायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, कडकडीत वाळवायचं, मगच रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्राइमर. हे काम एप्रिल-मेमध्येच उरक. मिरगानंतर काही वाळत नाही. दारांखालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी ठेव. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर २ वर्षांनी बदल.