आधी ब्रेक शीक, मग वेग

रेसिंग गेमसाठी स्टीअरिंग व्हील घेतोयस, उत्तम. पण पैसे मोजकेच असतील तर ते पेडलवर घाल, व्हील साधं चालेल. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोडसेलचं (दाबाच्या सेन्सरचं) पेडल दाब मोजतं. खऱ्या रेसिंग कारचं ब्रेक-पेडल दगडासारखं कडक असतं, फारसं हलतच नाही. तिथे पायाला दाबच लक्षात ठेवावा लागतो. सुरुवातीला जोरात दाबायचं आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचं. एवढं एक जमलं तरी लॅपमधले सेकंद गळतात. (मी दोन वर्षं फक्त ॲक्सिलरेटरच दाबत होतो, तो भाग सोड.)

गेममधून खरंच ड्रायव्हर होतात का? जॅन मार्डनबरो २०११ मध्ये ग्रॅन तुरिस्मो या रेसिंग गेमच्या जीटी अकॅडमी स्पर्धेतून पुढे आला आणि २०१३ ची ल मॉंची २४ तासांची शर्यत धावला. मात्र मध्ये त्याला खऱ्या गाडीवर कसून तयार केलं गेलं, हे लोक सांगायचं विसरतात.

रेसिंग लाइन (वळणातून सगळ्यात वेगाने जाणारी वाट), ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक कुठे दाबायचा ती जागा), मागची चाकं सुटल्यावर उलटं स्टीअरिंग हे सगळं गेममधून येतं. मान अवघडणं, गाडीतली उष्णता, आणि गाडी घसरतेय हे सीटमधून कमरेला कळणं, हे नाही येत. म्हणून महिन्यातून एकदा तरी गो-कार्टिंगला जा. आणि हो, एक्सप्रेसवेवर यातलं काही करून बघू नकोस.