सुरुवातीच्या स्पेसवॉकमध्ये नेमका धोका कशाचा होता?

तुम्ही विचारलंय की बाहेर वजनच नसतं, तर तरंगणाऱ्या माणसाला दमायला काय झालं, आणि हे अंतराळवीर पुढे मुलाखतींत जीव वाचल्याच्या गोष्टी का सांगत. मी बारावीला फिजिक्स शिकवतो. वर्गातही हा प्रश्न येतो, आणि मुलांचा अंदाज ठरलेला असतो: दोरी तुटून वाहून जाण्याची भीती. दोरी कुणाचीच तुटली नाही. जिवावर उठला तो सूट.

हवा गच्च भरलेली सायकलची ट्यूब हाताने वाकवून बघा. आत दाब आणि बाहेर निर्वात, त्यामुळे सूटही तसाच ताठ होतो. साधं कोपर वाकवायचं तरी त्या दाबाशी झटापट.

१८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव पहिल्यांदा यानाबाहेर पडले, जेमतेम बारा मिनिटं. तेवढ्यात सूट इतका फुगला की बोटं हातमोज्यांतून आणि पावलं बुटांतून मागे सरकली. आत शिरता येईना. खाली कुणालाही न विचारता त्यांनी झडप उघडून सूटमधला दाब ०.४ वरून ०.२७ वातावरणापर्यंत उतरवला (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). दाब असा उतरवला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती असते, खोल पाण्यातून भरकन वर येणाऱ्या पाणबुड्यांना होतो तोच त्रास. शिवाय ठरलं होतं आधी पाय घालायचं, हे शिरले डोक्याकडून. मग यानात शिरायच्या मीटरभर रुंदीच्या नळकांड्यात उलटं वळायचं! (परवानगी मागितली असती तर खाली आधी बैठक बसली असती, असं मला उगाच वाटतं.)

स्पेसवॉक करणारे पहिले अमेरिकन एड व्हाइट यांची वेळ त्यामानाने मजेत गेली, पण त्यांना बाहेर काम असं नव्हतंच. काम होतं जून १९६६ मध्ये, अमेरिकेच्या जेमिनी ९ यानावर, जीन सर्नन यांना. यानाच्या मागच्या टोकाला बसवलेलं रॉकेट पाठीवर चढवायचं होतं. धरायला धड काही नाही, पाय रोवायला जागा नाही. व्हॉल्व्ह फिरवायला जावं तर आपणच उलटे फिरतो. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काय! नाडी १८० च्या घरात गेली. सूट थंड ठेवायला फक्त खेळती हवा; घामाची वाफ काचेवर साठली आणि दिसेनासं झालं. नाकाने काच घासून त्यांनी बघण्यापुरती जागा केली. रॉकेट तसंच सोडून, दोन तासांनी, ते चाचपडत परतले. कमांडर टॉम स्टॅफर्ड यांनी पुढे सांगितलं की उड्डाणाआधी नासातले अंतराळवीरांचे प्रमुख डीक स्लेटन यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं: सर्नन बाहेर दगावला तर त्याला परत आणावं लागेल.

उपाय निघाला तो बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात. सूट घालून पाण्याखाली सराव करायचा, आणि यानाला हँडल, कंबरेचे पट्टे, पाय अडकवायच्या खोबणी लावायच्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये बझ ऑल्ड्रिन यांनी जेमिनी १२ वर सगळी कामं नाडी फारशी न वाढवता केली. जाता जाता कमांडर जिम लॉव्हेल यांच्या खिडकीची काचही बाहेरून पुसून दिली. लॉव्हेल आतून म्हणाले, तेवढं ऑइलही बदलून टाक.