बिलोरी म्हणावं, स्फटिक की क्रिस्टल?

वेंगुर्ल्याहून प्रश्न आलाय. घरच्या ओटीवर जुनी काचेची हंडी टांगलेली आहे, कपाटात नक्षीचे दोन जड पेले आहेत. आजी त्यांना ‘बिलोरी’ म्हणायची. मुंबईहून आलेले पाहुणे म्हणाले, “हे क्रिस्टल.” लेक म्हणते, क्रिस्टल म्हणजे स्फटिक. आता घरातल्या जुन्या वस्तूंची मराठी यादी करायची आहे, तर शब्द कुठला घ्यावा?

माझं मत आजीच्या बाजूनं.

‘स्फटिक’ इथे चालणार नाही. स्फटिकात अणू ठरलेल्या रचनेत ओळीनं बसलेले असतात. मिठाचा खडा घ्या, खडीसाखर घ्या. काचेत ती शिस्तच नसते. मग काचेला क्रिस्टल का म्हणतात? ग्रीकांचा ‘क्रिस्टॅलोस’ म्हणजे बर्फ. डोंगरात सापडणारा पारदर्शक गारगोटीचा स्फटिक म्हणजे कायमचं गोठलेलं पाणी, अशी समजूत होती. पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर नितळ काच जमली, तेव्हा तिथल्या कारागिरांनी तिला ‘क्रिस्टालो’ म्हटलं. म्हणजे बर्फाचं नाव दगडाला आणि दगडाचं काचेला.

‘बिलोरी’ची गंमत याहून मोठी आहे. तो आपल्याकडे फारसीतल्या ‘बिल्लौर’वरून आला. बिल्लौरचा माग ग्रीक ‘बेरिल्लोस’पर्यंत जातो आणि बेरिल्लोस हा मुळात आपल्याच पालि-प्राकृतातला ‘वेळुरिय’, संस्कृतातलं ‘वैडूर्य’ रत्न. रत्नांबरोबर शब्दही बाहेर गेला आणि काच होऊन परत आला. जर्मन लोक चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात, तोही याच घरातला. त्यामुळे बिलोरी परका शब्द आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला सरळ चहाला बसवा आणि ही वंशावळ ऐकवा.

पाहुण्यांचं क्रिस्टल आणखी नेमकं आहे: ती शिशाची काच. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं 1674 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या काचेवर बारीक तड्यांचं जाळं पसरून ती धुरकट व्हायची. मिश्रणात शिशाचं ऑक्साइड घातल्यावर ती टिकली. हे शिसं घालायचं एक रूप म्हणजे शेंदूर. होय, मारुतीला फासतात तोच मूळचा शेंदूर, शिशाचा. युरोपीय नियमांत ‘लेड क्रिस्टल’ म्हणवून घ्यायला किमान 24 टक्के शिशाचं ऑक्साइड लागतं. शिशामुळे काच जड होते, प्रकाश जास्त वाकवते आणि चाकावर कापायला मऊ पडते. (शिशीचा या शिशाशी संबंध नाही बरं का. शिशी फारसी ‘शीशा’वरून, शिसं संस्कृत ‘सीस’वरून.)

आता नक्षी. तिला ‘कोरीव’ म्हणू नका. कोरीव म्हणजे काचेवर बारीक चित्रं उठवणं. प्रागमध्ये कास्पर लेमननं 1600 च्या सुमारास ती कला नावारूपाला आणली. तुमच्या पेल्यावर बहुधा खोल, धारदार खाचा असतील. त्याला आपला सराफी शब्द आहे, पैलू पाडणे. काम तीन टप्प्यांत चालायचं. आधी फिरत्या लोखंडी चाकावर ओल्या वाळूची धार सोडून खाच पाडायची, मग दगडी चाकावर ती गुळगुळीत करायची, शेवटी लाकडी चाकावर कथलाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी लावून झळाळी आणायची. कापणारा पेला चाकावर वरून दाबून धरायचा आणि काचेतून पलीकडे बघत खाच जोखायचा. हात जरा जास्त दाबला गेला की पेला आरपार.

वाळूवरून आठवलं, काचेला लागणारी सिलिका वाळू आपल्या कणकवलीजवळ कासार्ड्यालाही निघते. हे तुमच्या यादीत येणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

यादीत झुंबर असेल तर त्याच्या लोंबत्या तुकड्यांना ‘लोलक’ लिहा. आमच्या मालवणच्या आजोळी झुंबरातला एक लोलक निखळून पडला होता. दुपारी सगळे झोपले की आम्ही तो पडवीत उन्हात धरायचो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तांबडा-हिरवा-जांभळा पट्टा पडायचा. आजीला चाहूल लागली की आतून आवाज, “रे झिला, बिलोरी आसा ती, ठेव खाली!” पुढे शाळेत प्रिझमला ‘लोलक’ म्हणतात हे कळलं. लोलक म्हणजे झोके घेणारं. कानातल्या डुलाचा लोलक असतो, घंटेच्या जिभेलाही लोलक म्हणतात. टेबलावर गप्प बसणाऱ्या प्रिझमला हे नाव मिळालं ते झुंबरावरूनच, असं मला वाटतं.

तेव्हा ‘बिलोरी हंडी’ आणि ‘बिलोरी काचेचे पैलूदार पेले’ असं लिहा. फक्त लिहिण्याआधी पेल्याच्या बाजूवरून बोट फिरवा. पैलूंच्या कडा बोचल्या, चमचा हळूच मारल्यावर नाद रेंगाळला, तर चाकावरचं काम. कडा बोथट असतील आणि वरपासून खालपर्यंत बारीक शिवण लागली, तर पेला साच्यात दाबून काढलेला. मग ‘पैलूदार’ खोडा. ‘बिलोरी’ राहू द्या, आजीनं साचा थोडाच तपासला होता.