सोलापुरात शिकतोय, महिनाभर झोप नाही, प्रायव्हेट डॉक्टर परवडत नाही, घरी कळायला नको. कुठे जाऊ?

आधी सिव्हिलला जा. म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, मेडिकल कॉलेजचंच आहे त्यामुळे मानसोपचार विभाग आहे तिथं, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि मानसोपचार ओपीडी कुठंय विचारायचं. गर्दी असते, अर्धा दिवस गेला समज, लेक्चर बुडलं तर बुडू दे. लाजायचं काही नाही बे, त्या लाइनीत सगळे आपल्यासारखेच असतात.

जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला झोप उडाली आणि नको ते विचार यायला लागले तर सकाळची वाट बघत बसू नको, तेव्हाच लाव.

घरचं म्हणशील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, तू १८ च्या पुढचा असशील तर डॉक्टर उगाच घरी फोन करत नाहीत, जिवाला धोका वाटला तर मात्र गोष्ट वेगळी.

कॉलेजात समुपदेशक आहे का तेपण विचार. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं एक तरी पाहिजेच. बऱ्याच ठिकाणी एखाद्या मॅडमना जादाचा चार्ज देऊन मोकळे होतात ते सोड, पण लेखी अर्ज टाकलास की हलतात.