मे महिन्यात वलयं गेली कुठे?

प्रश्न : सर, मी एम. एस्सी.ला आहे. काचांना लेसिथिन लावून त्यांच्यामध्ये ५सीबी या द्रवस्फटिकाची ७५ मायक्रॉन जाडीची फिल्म केली. फेब्रुवारीत हिरवा लेझर भिंगाने तिच्यावर एकवटला की भिंतीवर दहा-बारा वलयं उमटायची. आता त्याच मांडणीत नुसता ठिपका. लेझर बिघडला का?
– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर : बेटा, लेझरला हात लावू नकोस, आधी खोलीतला पारा बघ. ५सीबी साधारण ३५ अंशांपर्यंतच द्रवस्फटिक असतं, म्हणजे द्रवासारखं वाहतं पण रेणू एका दिशेने रांगेत; त्यापुढे साधा द्रव. आणि मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे कूलरसमोरही ३५ म्हणजे गारवाच! मीही एकदा अशाच उन्हाळ्यात आरसे जुळवण्यात दोन दिवस घालवले. शेवटी शिपाईकाका म्हणाले, “सर, त्या बाटलीतल्या दुधाचं तर पाणी झालं.” द्रवस्फटिक दुधाळ दिसतं, साधा द्रव नितळ. तुझीही बाटली उचलून बघ.

लेसिथिनमुळे रेणू काचेवर काटकोनात उभे राहतात. लेझरचं विद्युतक्षेत्र त्यांना कलवू बघतं, पण काचेलगतचे रेणू बाकीच्यांना धरून ठेवतात. म्हणून तीव्रता एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय काही हलत नाही. ती ओलांडली की रेणू कलतात आणि अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याचं माप, वाढतो. शलाकेच्या मध्यात प्रकाश जास्त, म्हणून कलही तिथेच जास्त. थोडक्यात, प्रकाश आपल्या वाटेत आपणच भिंग घडवतो. मधला प्रकाश कडेच्या प्रकाशापेक्षा जितक्या तरंगलांबी मागे पडेल, साधारण तितकी वलयं. ५सीबीच्या दोन अपवर्तनांकांतला (रेणू उभे असतानाचा आणि पार आडवे असतानाचा) फरक सुमारे ०.१८; त्याला ७५ मायक्रॉनने गुणलं की १३.५ मायक्रॉन, म्हणजे ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या जेमतेम २५ तरंगलांबी. सगळे रेणू पार आडवे झाले तरी याहून जास्त वलयं नाहीत. तुझी दहा-बारा अगदी हिशेबात बसतात. डर्बिन, अराकेलियन आणि शेन यांनी १९८१ मध्ये अशाच वलयांवर शोधनिबंध लिहिला होता.

एकट्यादुकट्या रेणूला प्रकाश फारसा कलवू शकत नाही. रांगेतले शेजारी सोबत कलतात म्हणून एवढा परिणाम दिसतो, आणि उन्हाळ्यात ती रांगच मोडते.

प्रयोग एसीच्या खोलीत कर, नाहीतर ई७ हे द्रवस्फटिकांचं मिश्रण मागव. ते सुमारे ६० अंशांपर्यंत टिकतं. लेझर लावल्यावर थोडं थांब, एवढ्या जाड फिल्मला कलायला काही सेकंद लागतात. आणि लेझरपासून बचावाचा चष्मा घालूनच थांब.